धुकेबेटाचा दुसरा भाग बरा की सातवा

ती. सुमिए ताईस,

धाकट्या यासुनोबूचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकता येतात. उठायला तोमोए लागते.) आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. म्हणजे बीवा तळ्यावरून वारा सुटला की तोमोएचा खांदा धरतो आणि वारा पडला की माझी कंबर, त्यामुळे हवामानाचा अंदाज टीव्हीवर बघायची गरज पडत नाही. तुझ्या बागेतली संत्री मंगळवारी पोचली. भाऊजींनी प्रत्येक संत्रं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं होतं, ते सगळे तुकडे तोमोएनं हातानं सरळ करून वाचले. तुमच्या एहिमेत कुठल्या शाळेनं दोरीवरच्या उड्यांची स्पर्धा जिंकली हे आता आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे? दरसालची फुनाझुशीची बरणी यंदाही पाठवतो आहे. आंबलेल्या माशाचा वास आला की भाऊजी बागेत काहीतरी काम काढून निघून जातात हे मला माहीत आहे, पण मोकळ्या हवेनं खोकल्याला उतार पडतो, तेव्हा ते औषधच समज.

पत्राला विशेष कारण नाही. सोमवारी फोनवर तू "काय रे, बरा आहेस ना" असं विचारलंस आणि मी "अगदी मजेत" म्हणालो, ते पुरतं खरं नव्हतं, एवढंच कळवायचं आहे. फोनवरच सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच "बरं मग" म्हणतेस, आणि तुझ्या "बरं मग"पुढे माझं एकही वाक्य आजवर उभं राहिलेलं नाही.

तुला 'धुकेबेट' आठवत असेल. (नसेल, तर पत्र इथेच मिटव आणि तसं कळव, माझ्यावर उपकार होतील.) आपल्या घरी होता तो त्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग, अठ्ठ्याऐंशी सालचा. धुक्यात बुडालेलं बेट, पाच घंटा, आणि घंटा ओतणाऱ्याचं एक पोरकं लेकरू. पाचही घंटा वाजल्या की शेवटचं दार उघडतं आणि धुकं विरतं. मी तेव्हा नववीत होतो, तू एकोणीस वर्षांची आणि गावच्या कापडगिरणीत मागावर. यंदा त्या मालिकेचा सातवा भाग आला आणि गावात साथ पसरावी तसा पसरला. टपालवाला घंटा शोधतो आहे, दंतवैद्य घंटा शोधतो आहे, आणि दात तसेच राहिले आहेत. अशा वातावरणात कोणीतरी सगळीकडे सांगत सुटलं (हे 'कोणीतरी' म्हणजे मी) की दुसरा भाग पुरा करणाऱ्या देशातल्या पहिल्या शंभर जणांपैकी एक माणूस याच गावात बाबांच्या जागी बसून बादल्या विकतो.

ही बातमी निशिवाकीबाईंपर्यंत गेली. या बाई आपल्या नागरिक सभागृहाच्या व्यवस्थापक आहेत. दर महिन्याला एक व्याख्यान ठेवतात आणि श्रोते मिळाले नाहीत की स्वतःच्या तिन्ही नणंदांना आणून बसवतात. किटलीचं झाकण घ्यायच्या निमित्तानं त्या दुकानात आल्या आणि गल्ल्याच्या वर चौकटीत लावलेलं मासिकाचं कात्रण चष्मा पुसून वाचलं. तेविसावं नाव: यासुनोबू इवात्सुकी, शिगा प्रांत, वय पंधरा.

(ताई, वरचं वाक्य लिहून मी चहा प्यायला गेलो होतो. आता आलो.)

"हे तुम्हीच?" बाईंनी विचारलं. "पोरवयातली गोष्ट," असं मी इतक्या नम्रपणे म्हणालो की माझा मलाच आदर वाटला. दुसऱ्या आणि सातव्या भागाची तुलना करून तासभर बोलाल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वेळ कुठे असतो. (त्या दिवशी दुकानात उंदराचा एक पिंजरा खपला होता, आणि तोही संध्याकाळी परत आला.) बाई झाकण घेऊन निघाल्या तेव्हा मी फुटपाथपर्यंत मागे गेलो आणि म्हणालो, की तुमचा एवढा आग्रह असेल तर नाही म्हणवत नाही.

आता माझं मत तर छत्तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं. दुसरा भाग म्हणजे तपश्चर्या आणि सातवा म्हणजे लाड. दुसऱ्या भागात नायकाच्या भोवती चार पावलांपलीकडे सगळं पांढरं. नकाशा नाही. गावकऱ्यांना प्रत्येकी एकच वाक्य येतं, आणि धक्क्यावरचा म्हातारा कितीही वेळा विचारा, "वारा उलटा फिरला की सरळ जा" एवढंच म्हणतो. तो असं का म्हणतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. खेकड्याला पायाचं बोट लागलं तरी मरण. आणि खेळ जिथे सोडला तिथून पुन्हा सुरू करायला बावन्न अक्षरांचा मंत्र वहीत उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी एकेक अक्षर करून परत भरायचा. त्यात आपल्या लिपीतली 'ने', 'रे' आणि 'वा' ही अक्षरं दिसायला म्हणजे एकाच आईच्या तिळ्या मुली. माझ्या वहीतल्या एकाही मंत्रानं कधी काम केलं नाही. तुझ्या वहीतला एकही कधी चुकला नाही. (हे मी व्याख्यानाच्या टिपणात लिहिलं नव्हतं.)

सातव्या भागात मात्र आभाळ मोकळं, वाटेल तिकडे चाला. कड्यावरून पडलात तर कोणीतरी येऊन उचलतं आणि वर विचारतं की लागलं का. गावकरी नावानं हाक मारतात. कुठे जायचं ते ठिपका दाखवतो. हा खेळ आहे की सासुरवाडी, असं एक वाक्य मी टिपणात लिहून त्याखाली रेघ मारली होती, टाळ्या पडतील म्हणून.

तरीपण तुलना करायची तर सातवा भाग निदान उघडून बघायला हवा. म्हणून आणला, दिवाणखान्यात बसलो, आणि पहिल्याच कुरणात एका बोकडानं मला कड्यावरून ढकलून दिलं. उचलणारे आले. लागलं का म्हणाले. पुन्हा गेलो, बोकडानं पुन्हा ढकललं. असं किती वेळा झालं ते विचारू नकोस, पण उचलणाऱ्यांनी शेवटी शेवटी काही विचारायचं सोडून दिलं असं मला वाटायला लागलं. तोमोए वाळलेले कपडे घेऊन मागे उभी होती. तिनं आयुष्यात कधी खेळाचं यंत्र हातात धरलेलं नाही.

"अहो, त्याला गवत द्या की," ती म्हणाली.

"मी धुकेबेटाचा जुना खेळाडू आहे," मी म्हणालो. "इथे लढायचं असतं."

"तो बोकड आहे. त्याला कुठे माहीत तुम्ही कोण ते."

तिनं माझ्या हातून यंत्र घेतलं, गवत उपटलं, बोकडाला दिलं. बोकड तिच्यामागून चालायला लागला तो अजून चालतो आहे. ताई, तीन आठवड्यांत तिनं त्या बेटावर घर बांधलं, ओसरीवर मुळे वाळत टाकले, आणि दर पावसाळी दिवशी धुक्यातली भुतं तिच्याकडे सार प्यायला येऊन बसतात. मी शेजारी बसून सूचना करायचो. "डावीकडे गुहा असणार." "ती घंटा आधी नको." ती ऐकल्यासारखं करायची आणि उलट जायची, आणि तेच बरोबर निघायचं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की माझी बैठक अगदी जुनीच होती: टीव्हीसमोर एक बाई, आणि तिच्या उजव्या बाजूला, जरा मागे, सूचना देणारा मी. फरक एवढाच की पूर्वी संत्री सोलून द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि आता माझी मला सोलावी लागतात.

एवढं लक्षात आल्यावर शहाणा माणूस व्याख्यान रद्द करतो. मी निमंत्रणपत्रिका वाटल्या.

आता कुझुहारा सर. आपल्या शाळेत गणित शिकवायचे ते. त्यांचं वय आता ऐंशीला टेकलं आहे आणि त्यांचं मत माझ्या नेमकं उलट. ते म्हणतात सातवाच श्रेष्ठ, कारण त्यात माणसाला एकटं पडू देत नाहीत. (त्यांच्या पत्नी वारल्यापासून ते रोज जेवणानंतर त्या बेटावर जाऊन शेकोटीपाशी बसतात. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर सासुरवाडीचं वाक्य खोडलं असतं.) ते दुकानात आले आणि म्हणाले, "इवात्सुकी, तोंडानं तुलना काय करायची? जुना भाग चालू कर, शेवटचं दार उघडून दाखव, म्हणजे लोकांनाच कळेल." मी म्हणालो, सर, इतकं जुनं यंत्र आता कुठे चालणार. ते म्हणाले, माझ्याकडे जुना काचेचा टीव्ही आहे, मी टेंपोतून आणतो. मी म्हणालो, मंत्राची वही कुठे असेल देव जाणे. तेव्हा आतून तोमोएचा आवाज आला, "माळ्यावर डाव्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या डब्यात आहे." ताई, बायकोला घरातल्या सगळ्या वस्तू कुठे आहेत हे माहीत असणं ही फार धोक्याची गोष्ट आहे.

डब्यात चार वह्या निघाल्या. तीन माझ्या, म्हणजे निरुपयोगी. चौथी तुझी. शेवटच्या पानावर शेवटच्या दारासमोरचा मंत्र, बावन्न अक्षरं, 'ने' हा 'ने'सारखा आणि 'वा' हा 'वा'सारखा. मी मनात हिशेब केला की एवढं भरलं की नायक थेट दारासमोर उभा राहणार, मी दोन पावलं चालणार, दार उघडणार, टाळ्या. दोन पावलं कोणालाही चालता येतात.

रविवारी दुपारी सभागृहात चौतीस माणसं होती. (मागच्या महिन्यात 'गुडघा आणि आपण' या विषयाला साठ होती, पण तिथे वाफेचा शेक फुकट होता.) पहिला अर्धा तास मी चांगला बोललो. तपश्चर्या म्हणालो, लाड म्हणालो, सासुरवाडीच्या वाक्याला निशिवाकीबाईंच्या नणंदा हसल्या. मग टीव्ही लागला. बाई तुझी वही हातात घेऊन एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या आणि मी भरत होतो. बावन्न अक्षरं भरायला किती वेळ लागतो हे मी विसरलो होतो. लोकांनी मधे चहा घेतला. शेवटचं अक्षर भरलं, बटण दाबलं, यंत्रानं तो जुना सूर वाजवला, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं:

"सुमिए, परत आलीस. आम्ही वाट पाहत होतो."

मंत्रात खेळणाऱ्याचं नाव असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. अठ्ठ्याऐंशी साली बाबांच्या कॅमेऱ्यानं मी शेवटच्या चित्राचा फोटो काढला, काचेवर उजेड पडू नये म्हणून टीव्हीवर छत्री धरून, तेव्हा डाव्या कोपऱ्यात ते नाव होतंच. मासिकाला पाठवण्याआधी मीच तो कोपरा कात्रीनं कापला आणि खाली लिहिलं की धुताना फोटो कडेला खराब झाला. आपण स्वतः कापलेला कोपरा माणूस किती नीट विसरतो बघ.

मी म्हणालो की यंत्र जुनं आहे, कधी कधी भलतंच दाखवतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ओगिनो आजी बोलल्या. तुझ्याबरोबर गिरणीत होत्या त्या, आता नव्वदीच्या आहेत आणि कानाला कमी ऐकू येतं म्हणून सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असंच बोलतात.

"सुमिए म्हणजे आमची तीन नंबरच्या मागावरची सुमिए का रे? जेवणाच्या सुट्टीत ती कागदावर सारख्या चौकटी काढत बसायची. आम्हाला वाटायचं, सासरच्या घराचा नकाशा काढतेय. आम्ही विचारायचो, न्हाणीघर कुठे ग? तर म्हणायची, मावशी, इथे खेकडा आहे."

लोक हसले. मीही हसलो, म्हणजे चेहरा तसा केला. मग कुझुहारा सर उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "इवात्सुकी, तू वर्गातही उत्तर शेजारच्याच्या वहीतून उतरवायचास. आणि उतरवतानाही चुकायचास."

तेव्हा मी सगळं सांगितलं. टिपणात नव्हतं ते. की खेळ तू पुरा केलास, गिरणीतून येऊन, जेवण व्हायच्या आत, रोज तासभर, सात महिने. की मी शेजारी बसायचो आणि दोनदा तुला चुकीच्या विहिरीत पाडलं. की तू ड्यूटीवर असताना, तुला न विचारता, मी पाकीट टाकलं. मासिक आलं तेव्हा तू ते हातात घेतलंस, तेविसावं नाव वाचलंस, आणि म्हणालीस, "अक्षरं बरोबर छापलीत," आणि न्हाणीचं पाणी तापवायला गेलीस. मला वाटलं, बरं झालं, रागावली नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला मोठी बहीण रागावली नाही म्हणजे प्रकरण मिटलं असं वाटतं. एकावन्न वर्षांच्या माणसालाही तसंच वाटत राहिलं, हे जरा जास्त झालं.

ओसाकाचंही सांगितलं. ते तुलासुद्धा मी कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. त्या शंभरांतल्या दहा जणांना खेळ बनवणाऱ्यांनी बोलावलं होतं, पुढचा भाग आधी खेळून मत द्यायला. ज्याचं मत चांगलं, त्याला सुट्टीत काम मिळेल असं पत्रात होतं. तू माझा सदरा इस्त्री केलास आणि डब्यात खारवलेले उमेबोशी आलुबुखार घालून भाताचे गोळे दिलेस. मी तिथे बसलो आणि पहिल्याच विहिरीत अकरा वेळा पडलो. शेजारी चष्मेवाले गृहस्थ होते, ते प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहायचे. सातव्या वेळेनंतर लिहायचं थांबले. शेवटी त्यांनी विचारलं, "दुसऱ्या भागात चौथ्या घंटेचा दरवाजा तू कसा शोधलास? आम्हाला वाटलं होतं तो कोणाला सापडणारच नाही." मी म्हणालो, आठवत नाही. त्यांनी मला एक टॉवेल दिला आणि स्टेशनचा रस्ता दाखवला. घरी येऊन मी म्हणालो, सगळं फार गुप्त असतं, सांगता येत नाही. तू म्हणालीस, "बरं मग." दोन वर्षांनी तुझं लग्न झालं आणि तू संत्र्यांत गेलीस.

त्या गृहस्थांना चौथा दरवाजा कसा सापडला हे खरोखर ऐकायचं होतं, ताई. उत्तर ज्या व्यक्तीकडे होतं ती त्या वेळी इथे तीन नंबरच्या मागावर उभी होती. हे मला तेव्हाही समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो, कारण कमी समज असणं हा मला नेहमीच सोयीचा गुण वाटत आला आहे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी लोकांना वाकून नमस्कार केला आणि खाली उतरलो. वाटलं, आता लोक उठतील. पण लोक मोठे विचित्र असतात. दंतवैद्य म्हणाला, "ते झालं, पण दार उघडा ना." सगळेच म्हणायला लागले, दार, दार. म्हणून मी परत वर गेलो, ती दोन पावलं चाललो, आणि दुसऱ्या पावलाला खेकडा होता. बावन्न अक्षरं पुन्हा भरली. कुझुहारा सरांनी प्रयत्न केला, त्यांना पहिल्याच पावलाला खेकडा मिळाला. बावन्न अक्षरं पुन्हा. मग ओगिनो आजींच्या हातात यंत्र दिलं आणि त्या सगळ्यांत जास्त वेळ जगल्या, कारण त्यांनी कुठलंच बटण दाबलं नाही. शेवटी कोणीतरी मला विचारलं, "बरं, निदान सांगा तरी, दारामागे काय आहे?"

मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी शिकवणीला गेलो होतो. जाताना तू म्हणाली होतीस, "यासु, थांब जरा, आज उघडेल बहुतेक." मी म्हणालो उशीर होतोय. आलो तेव्हा शेवटचं चित्र पडद्यावर स्थिर होतं आणि तू भांडी घासत होतीस. मी कॅमेरा शोधला. दारामागे काय होतं, हे मी तुला त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही नाही. हे लोकांना सांगितलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. आजी तेवढ्या म्हणाल्या, "असं कसं रे विचारलं नाहीस," आणि त्यांचं ते मोठ्यानं बोलणं त्या वेळी फारच मोठ्यानं वाटलं.

तेव्हा तुलनेचा निष्कर्ष तुला कळवायचा तर तो असा, की मी दोन्हीपैकी एकही भाग खेळलेला नाही. एक तुझ्या शेजारी बसून पाहिला आणि एक तोमोएच्या. दुसरा भाग श्रेष्ठ असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत होतो तेव्हा मी बहुधा तुझ्या खेळण्याबद्दल सांगत होतो, आणि श्रेय धुक्याला देत होतो. सातव्या भागाबद्दल माझी तक्रार होती की त्यात कोणीतरी सारखं सोबत असतं. दुसऱ्या भागातही होतं. मलाच ते दिसलं नाही, कारण त्या वेळी ते कोणीतरी तू होतीस.

कात्रण मी भिंतीवरून काढलं आहे. तिथे आता भिंतीचा एक पांढरा चौकोन उरला आहे आणि गिऱ्हाईकं विचारतात की इथे काय होतं. मी सांगतो. सांगायला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि त्या नादात एक-दोन बादल्या जास्त खपतात, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

भाऊजींना नमस्कार. तब्येत सांभाळ, थंडीत झाडांवर चढू नकोस, आणि या पत्राबद्दल रागावायचं असलं तर सावकाश, संत्र्यांची तोडणी आटोपल्यावर, नीट वेळ काढून रागाव.

तुझा, तेविसाव्या नंबरचा खोटा,
यासुनोबू

ता. क. निशिवाकीबाईंनी मार्चच्या तिसऱ्या रविवारी पुढचं व्याख्यान ठरवलं आहे. विषय: 'दुसऱ्या भागातला चौथा दरवाजा आणि शेवटचं दार.' वक्त्या: सुमिए इवात्सुकी, पूर्वाश्रमीच्या या गावच्या. भित्तिपत्रकं छापून लागली आहेत. टपाल कचेरीत, दंतवैद्याकडे आणि गिरणीच्या जुन्या फाटकावर. तुला विचारायचं राहून गेलं. म्हणजे पुन्हा एकदा न विचारता तुझ्या नावाचं काहीतरी झालं, पण या वेळी निदान नाव तुझंच आहे.

ता. क. २. भित्तिपत्रकावर 'सातव्या भागाशी तुलनेसह' असं लिहिलं आहे. म्हणून फुनाझुशीच्या पेटीत, बरणीच्या खाली, सातवा भाग आणि यंत्र ठेवलं आहे. बरणी गळणार नाही असं दुकानदार म्हणाला. दुकानदार मीच आहे, त्यामुळे पेटी उघडताना जरा जपून.

ता. क. ३. वन्सं, मी तोमोए. पत्र टाकायला मी चालले आहे, कारण हे तीनदा टपालपेटीपर्यंत जाऊन तसेच परत आले. वर यांनी लिहिलंय की वाकून नमस्कार केला आणि खाली उतरले. तसं झालं नाही. ओसाकाचं सांगताना यांचा आवाज गेला आणि पुढचं बोलता येईना, तेव्हा कुझुहारा सर काठी टेकत वर गेले आणि यांच्या हातातला माइक धरून शेजारी उभे राहिले, पुरं होईपर्यंत. कोणी उठलं नाही. मार्चमध्ये तुम्हाला यायचं नसेल तर अजिबात येऊ नका, बाईंना काय सांगायचं ते मी बघते, त्यांच्या नणंदा आहेतच. पण दारामागे काय होतं ते एकदा फोन करून यांना सांगा. रोज संध्याकाळी विचारायला म्हणून फोन हातात घेतात, आणि मग मला विचारतात की संत्री संपली का.